प्रशीतन-यंत्रातील झडपेचा आवाज : कारणमीमांसा व निदान

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, ओझर व पिंपळगाव बसवंत ह्या परिसरात द्राक्षतोडणीचा हंगाम सामान्यतः जानेवारी ते एप्रिल असा चालतो. १९९१ साली महाग्रेप्स ही द्राक्षोत्पादकांच्या सहकारी संस्थांची भागीदारी-संस्था स्थापन झाली. पुढे द्राक्षनिर्यात जसजशी वाढली, तसतशी पूर्वशीतनगृहे आणि शीतगृहे ह्या भागात परिचयाची झाली. तोडलेला घड शेतातली उष्णता बरोबर घेऊन येतो. ती काही तासांत काढून घेऊन घडाचे तापमान चार अंशांच्या आसपास आणावे लागते आणि पुढे तो शून्य अंशाजवळ ठेवावा लागतो. समुद्रमार्गे युरोपात पोहोचण्यास तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ह्या प्रवासात घडाचा देठ हिरवा राहणे किंवा तपकिरी पडणे पुष्कळ अंशी पहिल्या काही तासांवर अवलंबून असते.

अशा गृहातील यंत्र भर हंगामात आवाज करू लागले आणि तो आवाज प्रसरण-झडपेजवळून येतो असे वाटले, म्हणजे झडपेचा स्क्रू फिरवून पाहणे किंवा झडपच बदलणे हा उपाय बहुधा प्रथम सुचतो. हे दोन्ही उपाय पुष्कळदा निष्फळ, आणि प्रसंगी अपायकारक, ठरतात. आवाज झडपेत उमटत असला तरी त्याचे कारण बहुधा झडपेपर्यंत येणाऱ्या प्रशीतकाच्या अवस्थेत, किंवा झडपेवर पडणाऱ्या भारात असते. यास्तव झडपेचा आवाज हा दोष न मानता लक्षण मानून त्याचे विश्लेषण कसे करावे, ह्याचे विवेचन येथे केले आहे.

झडपेचे कार्य आणि तिचा स्वाभाविक ध्वनी

बाष्प-संपीडन चक्रात कॉम्प्रेसरमधून निघालेले उष्ण बाष्प कंडेन्सरमध्ये द्रवरूप होते. तो द्रव रिसीव्हर व ड्रायर ह्यांतून प्रसरण-झडपेकडे येतो, आणि झडपेच्या अरुंद छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो. आर-२२ ह्या प्रशीतकाचे उदाहरण घेतल्यास, ४० अंश सेल्सिअसला त्याचा संपृक्त दाब सुमारे १५.३ बार, तर उणे ५ अंशांना सुमारे ४.२ बार असतो. (येथील सर्व दाब निरपेक्ष आहेत.) ४० अंशांचा द्रव उणे ५ अंशांच्या दाबात आला की वस्तुमानाने त्याचा सुमारे चौथा भाग तत्क्षणी बाष्प होतो आणि उरलेला द्रव थंड होतो. मॉन्ट्रियल करारानुसार ह्या प्रशीतकाचा वापर टप्प्याटप्प्याने कमी केला जात आहे. परंतु जुन्या यंत्रांत तो आढळतो आणि त्याचे गुणधर्म सुपरिचित आहेत, म्हणून पुढील गणितांत त्याचाच आधार घेतला आहे.

अकरा बारांचा दाब एका लहान छिद्रात खर्ची पडत असल्यामुळे काहीएक ध्वनी होणे अपरिहार्य आहे. सौम्य, अखंड व एकसुरी फूत्कार हा निरोगी झडपेचा स्वाभाविक ध्वनी होय. ह्या ध्वनीत पडणारा बदल हाच निदानाचा विषय असतो. म्हणून यंत्र सुस्थितीत असतानाचा ध्वनी ऐकून ठेवणे हे निदानाचे पहिले साधन ठरते.

ध्वनीचे स्थान आणि प्रकार

तांब्याच्या व लोखंडाच्या नळ्यांतून ध्वनी दूरवर वाहून नेला जातो. म्हणून जेथे आवाज ऐकू येतो तेथेच तो उत्पन्न होतो, असे समजू नये. लांब पेचकसाचे टोक झडपेच्या अंगावर टेकवून त्याची मूठ कानाशी धरल्यास, किंवा तंत्रज्ञांचा स्टेथॉस्कोप वापरल्यास, जवळजवळ बसविलेल्या दोन झडपांपैकी आवाज कोणत्या झडपेचा, हे बहुधा निश्चित करता येते. मात्र असे करताना फिरता पंखा व पट्टा ह्यांपासून अंतर राखले पाहिजे. आणि जेथे अमोनियाचा वास येत असेल, तेथे कान लावून निदान करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

स्थान निश्चित झाल्यावर आवाजाचे चार प्रकार वेगळे करता येतात : तुटक, तीव्र सीत्कार, कमीजास्त होत राहणारे स्पंदन, विजेवर चालणाऱ्या झडपेचा गुंजारव, आणि खडखड किंवा ठोके. प्रत्येकाचे कारण निराळे असून त्यावरचा उपायही निराळा आहे.

तुटक सीत्कार : द्रवाबरोबर आलेले बाष्प

झडपेपर्यंत शुद्ध द्रव यावा, ही प्रसरण-झडपेच्या रचनेतील मूळ अपेक्षा आहे. वाटेतच काही द्रवाचे बाष्प झाले, म्हणजे द्रव व बुडबुडे आळीपाळीने छिद्रातून जातात आणि अखंड फूत्काराच्या जागी तुटक, फुरफुरणारा सीत्कार ऐकू येतो. अकाली झालेल्या ह्या बाष्पाला कारागीर ‘फ्लॅश गॅस’ म्हणतात.

थोड्याशा बाष्पाचा परिणाम एवढा मोठा का होतो, हे घनतेवरून कळते. ४० अंशांना आर-२२च्या द्रवाची घनता दर घनमीटरास सुमारे ११२८ किलोग्रॅम, तर संपृक्त बाष्पाची सुमारे ६६ किलोग्रॅम असते. म्हणजे वस्तुमानाने अवघा एक टक्का द्रव बाष्परूप झाला तरी नळीतील सुमारे पंधरा टक्के जागा त्या बाष्पाने व्यापली जाते. छिद्र तेच राहते. त्यातून जाणारे प्रशीतक मात्र घटते. कॉइल उपाशी राहते, तिचा काही भाग निरुपयोगी होतो आणि कॉम्प्रेसरच्या चूषण-बाजूचा दाब उतरतो. मग कॉइलचा उरलेला भाग अधिक थंड होतो, हवेतील ओलावा त्यावर अधिक प्रमाणात गोठतो आणि खोलीतील हवा कोरडी पडते. द्राक्षांच्या दृष्टीने हे नुकसान दुहेरी असते : घड उशिरा थंड होतो, आणि तेवढ्या वेळात कोरडी हवा त्याच्या देठातील पाणी ओढून घेते.

द्रवाचे अकाली बाष्प न व्हावे म्हणून त्याचे तापमान त्या दाबाच्या संपृक्त तापमानाहून काही अंश कमी असावे लागते. ह्या फरकास अवशीतन म्हणतात. ते किती लागेल, हे नळीतील दाबाच्या घटीवरून काढता येते. कंडेन्सर जमिनीवर व कॉइल पाच मीटर उंचीवर असेल, तर आर-२२च्या द्रवस्तंभामुळेच सुमारे ०.५५ बार दाब कमी होतो. ४० अंशांच्या आसपास ह्या प्रशीतकाचा संपृक्त दाब दर अंशास सुमारे ०.३६ बारने बदलत असल्याने केवळ ह्या उंचीसाठी सुमारे दीड अंशाचे अवशीतन खर्ची पडते. ड्रायर, वळणे व घर्षण ह्यांमुळे आणखी ०.३५ बार गेल्यास एकूण गरज अडीच अंशांपर्यंत जाते. त्याच पाच मीटरांसाठी आर-१३४एला सुमारे सव्वादोन अंश लागतात, तर अमोनियाला अंशाचा सुमारे सात-दशांश भाग पुरतो. कारण अमोनियाचा द्रव हलका असून त्याचा दाब तापमानाबरोबर अधिक वेगाने बदलतो. एका प्रशीतकासाठी आखलेली नळ्यांची मांडणी दुसरे प्रशीतक भरल्यावर आवाज करू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

अवशीतन अपुरे पडण्याची सामान्य कारणे अशी : गळतीमुळे प्रशीतक कमी होणे, ड्रायर अथवा गाळणी तुंबणे, द्रवनळी अरुंद असणे, कंडेन्सरवर धूळ साचणे, आणि पत्र्याच्या छपराखालून जाणारी द्रवनळी उन्हाने तापणे. नाशिकच्या हवामानामुळे आणखी एका कारणाची भर पडते. एप्रिलमध्ये दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या जवळ जाते, तर जानेवारीत निफाड परिसरातील रात्री कडाक्याच्या थंडीच्या असतात. हवेने थंड होणाऱ्या कंडेन्सरचा दाब अशा रात्री फार उतरतो. तो एकदम उतरला, तर रिसीव्हरमधील उबदार द्रव उकळू लागतो आणि बुडबुडे झडपेकडे जातात. शिवाय झडपेची वहनक्षमता दाबातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. कंडेन्सर ४५ अंशांवर असता हा फरक सुमारे १३.१ बार असतो; २५ अंशांवर तो ६.२ बार राहतो. म्हणजे इतर परिस्थिती तीच धरल्यास तीच झडप सुमारे तीस टक्के कमी द्रव सोडते. दिवसा निर्दोष चालणारे यंत्र पहाटे कुरकुरते, ते ह्यामुळे. ह्यावर उपाय कंडेन्सरच्या पंख्यांचे नियमन करून दाब राखणे हा होय.

निदानासाठी झडपेच्या अगदी आधी दाब व तापमान मोजून अवशीतन काढावे. ड्रायरच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांचे तापमान पाहावे. पुढची बाजू स्पष्टपणे थंड लागल्यास ड्रायर तुंबला आहे असे समजावे. साइट ग्लासमध्ये बुडबुडे दिसले एवढ्यावरून प्रशीतक भरू नये, कारण तुंबलेला ड्रायरही तेच दृश्य दाखवितो. उलटपक्षी, साइट ग्लास रिसीव्हरजवळ असेल तर तो स्वच्छ असूनही वर, झडपेपाशी, बाष्प असू शकते.

येथे पाण्याच्या अंशाचाही विचार केला पाहिजे. आर-२२सारख्या प्रशीतकात ओलावा राहिल्यास तो छिद्रापाशी गोठतो. आवाज बदलतो, प्रवाह थांबतो, बर्फ वितळल्यावर पुन्हा सुरू होतो. गरम पाण्यात बुडविलेले फडके झडपेवर ठेवताच प्रवाह पूर्ववत झाला, तर ओलाव्याचा संशय दृढ होतो. ज्योतीचा उपयोग कदापि करू नये. अमोनियात पाणी सहज विरघळत असल्यामुळे तेथे ही अडचण सहसा येत नाही.

स्पंदन : बदलत्या भाराशी झडपेची झटापट

दुसऱ्या प्रकारात फूत्कार अर्ध्या-एका मिनिटाच्या किंवा त्याहून दीर्घ अंतराने वाढतो व ओसरतो, आणि त्याबरोबर चूषण-दाबाचा काटाही हलत राहतो. तापनियंत्रित प्रसरण-झडप तीन दाबांच्या समतोलावर चालते. कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर बांधलेल्या बल्बचा दाब तिला उघडतो. कॉइलमधील दाब आणि स्प्रिंग तिला मिटवतात. बाहेर पडणारे बाष्प संपृक्त तापमानाहून किती अंश अधिक उष्ण आहे, म्हणजे त्याचे अतितापन किती, ह्यावर हा समतोल ठरतो. झडप उघडल्याचा परिणाम बल्बला कळेपर्यंत काही काळ जातो. तेवढ्यात ती जरुरीपेक्षा अधिक उघडते, मग जरुरीपेक्षा अधिक मिटते, आणि हा झोका चालू राहतो.

पूर्वशीतनगृहात हा दोष विशेष का आढळतो, हे एका गणिताने स्पष्ट होईल. तीस अंशांची पाच टन द्राक्षे शून्य अंशाच्या हवेत ठेवली आणि तापमानातील फरक दर दोन तासांनी निम्मा होतो असे धरले, तर सहा तासांनी द्राक्षे पावणेचार अंशांवर येतात. द्राक्षांची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅम-अंशास सुमारे ३.६ किलोज्यूल घेतल्यास प्रारंभी उष्णता निघण्याचा वेग ५२ किलोवॉट येतो, सहा तासांची सरासरी २२ किलोवॉट आणि अखेरचा वेग अवघा साडेसहा किलोवॉट. पंखे व भिंती ह्यांची उष्णता त्यात मिळविली तरी अखेरचा भार प्रारंभीच्या भाराचा लहानसा अंश असतो. प्रारंभीच्या भारासाठी निवडलेली झडप अखेरीस जवळजवळ मिटलेल्या स्थितीत काम करते. तेव्हा सुईच्या किंचित हालचालीनेही प्रवाह पुष्कळ बदलतो, आणि प्रसंगी सुई बैठकीवर आपटून किटकिट उमटते.

म्हणून स्पंदन केव्हा सुरू होते, ह्याची नोंद महत्त्वाची ठरते. पहिल्या तासात आवाज नाही आणि पाचव्या तासात आहे, तर झडप भाराच्या मानाने मोठी आहे असा संशय घ्यावा. स्पंदन सर्वकाळ असेल तर बल्ब तपासावा : तो नळीला घट्ट चिकटलेला आहे काय, त्यावर उष्णतारोधक वेष्टन आहे काय, आणि मोठ्या आडव्या नळीवर तो घड्याळातील चार वा आठ ह्या अंकांच्या जागी आहे काय. तळाशी तेल साचत असल्याने तेथे बांधलेला बल्ब फसवा संदेश देतो. झडप खरोखरच मोठी असेल, तर एका मोठ्या झडपेऐवजी दोन लहान झडपा लावून भार घटताच एक बंद करणे, किंवा इलेक्ट्रॉनिक प्रसरण-झडप वापरणे, हे मार्ग उपलब्ध आहेत.

अतितापन मोजताना स्थानिक उंचीचे भान ठेवावे लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर असून तेथील वातावरणाचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे ०.०७ बार कमी आहे. साधा दाबमापक स्थानिक वातावरणाच्या तुलनेने दाब दाखवितो. त्याचे वाचन समुद्रसपाटीसाठी केलेल्या कोष्टकात घातल्यास उणे ५ अंशांच्या आसपास आर-२२साठी सुमारे अर्ध्या अंशाची, तर आर-१३४एसाठी सुमारे पाऊण अंशाची चूक होते, आणि अतितापन तेवढे कमी भासते. जेथे पाच-सहा अंशांचे अतितापन राखावयाचे असते, तेथे ही चूक उपेक्षणीय नव्हे.

गुंजारव : सोलेनॉइड झडप

द्रवनळीवरील सोलेनॉइड झडप पुष्कळदा प्रसरण-झडपेजवळच असते, आणि एकीचा आवाज दुसरीच्या माथी मारला जातो. भारतातील विद्युत्पुरवठा ५० आवर्तनांचा असल्यामुळे चुंबकाचे आकर्षण सेकंदास १०० वेळा शून्याजवळ येते. मधल्या दांड्याने प्रत्येक वेळी सुटू नये म्हणून चुंबकाच्या टोकाशी तांब्याचे एक कडे बसविलेले असते. ते तुटले, टोकांत कचरा अडकला किंवा विजेचा दाब ठरल्याहून फार उतरला, की दांडा कंप पावून घुमणारा आवाज येतो. हा सूर स्थिर असतो, आणि वेटोळ्याचा विद्युत्पुरवठा तोडताच थांबतो. प्रसरण-झडपेचा आवाज मात्र त्यानंतरही क्षणभर रेंगाळतो. ग्रामीण भागात सायंकाळी विजेचा दाब उतरतो, त्याच वेळी गुंजारव सुरू होत असल्यास प्रथम व्होल्टमीटर पाहावा. असे वेटोळे अधिक विद्युत्प्रवाह घेऊन तापते व शेवटी जळते; म्हणून हा आवाज केवळ त्रासदायक म्हणून सोडून देण्याजोगा नसतो.

खडखड आणि ठोके

एकदिशा झडप तिच्या आकाराच्या मानाने कमी प्रवाहावर चालली, तर तिची चकती धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही. त्यामुळे खडखड होते. हा मुख्यतः निवडीचा दोष होय.

नळीत बसणारा जड ठोका मात्र ह्या सर्वांहून भिन्न समजला पाहिजे. मोठ्या शीतगृहांतील अमोनिया-यंत्रांत कॉइलवरील बर्फ काढण्यासाठी उष्ण बाष्प सोडतात. कॉइलमध्ये द्रव शिल्लक असताना ते एकदम सोडले, किंवा बर्फ निघाल्यावर कोंडलेला दाब चूषणनळीत एकदम मोकळा केला, तर द्रवाचा गोळा वेगाने फेकला जाऊन वळणावर अथवा झडपेवर आदळतो. अशा आघाताने नळ्या व झडपा फुटू शकतात. येथे आवाज पुन्हा ऐकून खात्री करण्याची पद्धत वर्ज्य आहे. यंत्र सुरक्षितपणे थांबवून, प्रथम द्रव निचरून घेणे, बाष्प हळूहळू सोडणे आणि दाब सावकाश उतरविणे हा क्रम तपासला पाहिजे.

निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून तपासणीचा क्रम असा निष्पन्न होतो. प्रथम आवाजाचे स्थान व प्रकार ठरवावा आणि तो दिवसाच्या व शीतनाच्या कोणत्या वेळी होतो, ते नोंदवावे. नंतर झडपेआधीचे अवशीतन मोजावे. ते अपुरे असेल तर गळती, ड्रायर, कंडेन्सर व द्रवनळी ह्यांकडे वळावे. गळती शोधून बुजविल्यावाचून प्रशीतक भरू नये. अवशीतन पुरेसे असेल तर कॉइलपलीकडील अतितापन व बल्बची बांधणी पाहावी. त्यानंतर झडपेची क्षमता आणि भार ह्यांचा मेळ तपासावा. एवढे झाल्यावरच झडपेच्या स्क्रूला हात घालावा, तोही एका वेळी अल्पसा. आणि प्रत्येक बदलानंतर यंत्र स्थिरावेपर्यंत थांबावे.

हा क्रम उलटविल्यास काय घडते, ते पाहणे उद्बोधक आहे. बाष्पामुळे उपाशी राहिलेल्या कॉइलचे अतितापन वाढलेले दिसते, म्हणून झडप अधिक उघडली जाते. पुढे ड्रायर बदलला किंवा प्रशीतक भरले, की तीच झडप शीतनाच्या अखेरच्या तासांत, भार सर्वांत कमी असताना, जादा द्रव सोडते. तो कॉइलमध्ये न उकळता कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतो आणि वंगण धुऊन काढतो. आवाज बंद झाला म्हणून जेथे समाधान मानले गेले, तेथे कॉम्प्रेसर निकामी होण्याची तयारी झालेली असते.

झडप स्वतः कधीच दोषी नसते, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. बुडबुड्यांसह वेगाने जाणारा द्रव सुई व बैठक ह्यांची झीज करतो, आणि कालांतराने झडप पूर्ण मिटेनाशी होते. तेव्हा ती बदलणे प्राप्तच असते. परंतु बुडबुड्यांचे मूळ कारण तसेच राहिले, तर नव्या झडपेचीही तीच गत होते.

पदव्युत्तर अभ्यासाच्या दृष्टीने ह्या विषयात मोजमापास पुष्कळ वाव आहे. हंगामाच्या आरंभी व अखेरीस, दिवसा व पहाटे, भरलेल्या व रिकाम्या होत आलेल्या पूर्वशीतनगृहात अवशीतन, अतितापन आणि झडपेचा ध्वनी ह्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्यास ध्वनीवरून प्रशीतकाची अवस्था कितपत अचूक ओळखता येते, हे पडताळता येईल. तोवर अनुभवी कारागिराचा कान हे साधन उपयुक्त आहेच. मात्र तापमापक व दाबमापक ह्यांनी त्याची साक्ष तपासली गेली पाहिजे.